बीप वाजली, पण रेडिओ बोलेना

किटाच्या पाकिटातून सगळ्यात शेवटी निघाली ती चार कडी. दोन लाल, दोन काळपट राखाडी. राखाडी कडं इतकं लहान की करंगळीच्या नखावर ठेवलं तर जेमतेम कडेने डोकावेल. सोबत तांबूस तारेची दोन भेंडोळी. रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी यांची मला धास्ती नाही. रंगाचे पट्टे वाचायचे, जागेवर खोचायचे, डाग द्यायचा की झालं. ट्रान्सफॉर्मर मात्र कुठल्यातरी कारखान्यातून तयार होऊन येतो, अशीच माझी आजवरची समजूत. माहितीपत्रकात त्याचं प्रकरण एका ओळीत आटोपलं होतं : ‘टी१, टी२ : एफटी३७-४३ कोअरवर १० वेढे, ट्रायफिलर.’ घ्या आणि गुंडाळा.

किट होतं चाळीस मीटर बँडच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी ऐकणाऱ्या, डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरचं. यात फार भानगडी नसतात. अँटेनाकडून समजा ७.१०१ मेगाहर्ट्झचा सिग्नल आला आणि रिसीव्हरच्या पोटातला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःचा सिग्नल तयार करणारं सर्किट, ७.१०० मेगाहर्ट्झवर चालतोय, तर दोघांना चार डायोडच्या रिंगमध्ये एकमेकांवर सोडायचं. दोघांतला फरक एक किलोहर्ट्झ, आणि तो सरळ कानाने ऐकू येतो. रिंगच्या दोन्ही अंगांना एकेक ट्रान्सफॉर्मर. आलेला सिग्नल त्याने दोन सारख्या पण उलट्या वाट्यांत द्यायचा : एक टोक वर गेलं की दुसरं तेवढंच खाली, आणि मधला सांधा जागच्या जागी. हे वाटे अगदी सारखे व्हावेत म्हणून तीन तारा एकत्र पिळून गुंडाळतात. तिघींना कड्यावर एकसारखी जागा मिळते, कुणी जवळची कुणी लांबची असं राहत नाही. ट्रायफिलर म्हणजे एवढंच, तीनपदरी.

नावाचा उलगडा आधी केला. एफटी म्हणजे फेराइट टोरॉइड, ३७ म्हणजे बाहेरचा व्यास ०.३७ इंच, साडेनऊ मिलिमीटर. ४३ हा फेराइटच्या मिश्रणाचा क्रमांक. लाल कडी टी५०-२, म्हणजे लोहभुकटीची, अर्ध्या इंचाची. दोन नंबरच्या मिश्रणाला लाल रंग देतात, सहा नंबरच्याला पिवळा. लोहभुकटीच्या कड्यांचं हे बरं आहे, रंगावरून जात कळते. फेराइटला रंगच नाही. सगळी कडी एकाच राखेतून काढल्यासारखी.

हे मला लगेचच महागात पडलं. पहिलं राखाडी कडं चिमट्यात धरून उजेडाकडे नेत होतो, ते निसटलं आणि फरशीवर पडलं. टिचकन आवाज आला. उचललं तर दोन तुकडे. फेराइट दिसतं लोखंडासारखं, पण स्वभाव चिनी मातीचा. दोन्ही तुकडे चटकन चिकटवणाऱ्या गोंदाने जोडले आणि खूश झालो, जोड दिसतसुद्धा नव्हता. पण चुंबकीय रेषांना तो दिसतो. गोंदाचा केसाएवढा थर म्हणजे वाटेत आलेली हवेची फट, आणि फेराइटमध्ये तेवढ्या फटीनेसुद्धा इंडक्टन्स, म्हणजे गुंडाळीची बदलत्या प्रवाहाला अडवण्याची ताकद, धाडकन उतरतो. दहा वेढे घालून इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसी मीटरला लावलं. पत्रकानुसार या कड्याचा हिशेब ३५० नॅनोहेन्री गुणिले वेढ्यांचा वर्ग, म्हणजे दहा वेढ्यांना ३५ मायक्रोहेन्री. मीटर ९ दाखवत होता.

मग जुन्या सामानाचा डबा उपसला. त्यात तशीच, त्याच मापाची तीन राखाडी कडी सापडली. तीच असणार, दुसरी कसली असणार, असं म्हणून पुढे जाणार होतो. पण मीटर हातात होताच. पहिल्यावर दहा वेढे घातले : ५.६ मायक्रोहेन्री. म्हणजे हे ६१ नंबरचं मिश्रण. ४३ च्या जवळजवळ एक षष्ठांश. दुसरंही तसंच. तिसरं ३४ वर थांबलं. फेराइटमध्ये वीस टक्के इकडेतिकडे चालतं, त्यामुळे ३४ म्हणजे आपलंच माणूस. डोळ्यांना तिघांत काडीचा फरक नव्हता.

आता तार. कड्याच्या मापावरून एका वेढ्याला साधारण अकरा-बारा मिलिमीटर तार लागते, दहा वेढ्यांना बारा सेंटिमीटर. टोकांसाठी आणि पिळण्यात आक्रसेल त्यासाठी धरून मी पंचवीस सेंटिमीटरच्या तीन तारा कापल्या. पाव मिलिमीटर जाडीची तार. तिन्हींची एक बाजू दाराच्या कडीला बांधली, दुसरी हातड्रिलच्या तोंडात पकडली आणि तार ताठ ठेवून हळूहळू दांडा फिरवला. सेंटिमीटरला तीनेक पीळ पडले की पुरे. मी चौथ्याच्या मोहात पडलो आणि एक तार तटकन तुटली. दुसऱ्या खेपेला मोहात पडलो नाही.

पिळलेली तार हातात घेतली की खरी मजा येते. टोक भोकातून खाली घालायचं, बाहेरच्या बाजूने वर आणायचं, अंगठ्याने दाबून बसवायचं, पुन्हा भोकात. पहिले तीन-चार वेढे रुसल्यासारखे सुटे होतात. पाचव्यानंतर ते एकमेकांना धरून बसतात. ओढायचं, पण आवळायचं नाही. कड्याची कडा धारदार असते आणि तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप, तिथेच खरवडलं जातं. पाच झाले, सहा झाले, आणि मुलगी आली.

‘बाबा, हे काय करतोयस?’

‘मोजतोय.’

‘कितीपर्यंत आलास?’

कितीपर्यंत आलो होतो ते गेलं. पुन्हा मोजायला बसलो, आणि बाहेरच्या अंगाने मोजले तर एक आकडा येई, आतून मोजले तर दुसरा. बाहेरून नऊ, आतून दहा. कुठला खरा? एक ज्येष्ठ हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, माझ्या परिचयाचे आहेत, त्यांना मी काका म्हणतो. त्यांना फोन लावला.

‘काका, तार पहिल्यांदा नुसती भोकातून घातली, अजून वळवलीसुद्धा नाही, तर तो वेढा धरायचा का?’

‘धरायचा. अरे, बाहेरून काय मोजतोस? भोकातून किती वेळा गेली ते मोज. सरळ तार आरपार घालून सोडून दिलीस तरी तो एक वेढा झाला.’

‘पण वेढा घातलाच नाही ना?’

‘कड्याला त्याचं काय? त्याच्या भोकातून तार गेली, बस.’

विचार केला तर पटतं. तारेचं सर्किट कुठेतरी लांबून फिरून पूर्ण होतच असतं, कड्याला मधून जाणारी तार तेवढी कळते. मी मात्र आधीच्या सगळ्या चाचण्यांत पहिला आरपार शून्य धरला होता का, हे आठवून पाहिलं. नशिबाने नाही; तेव्हा मी आतूनच मोजले होते, पण मुद्दाम नव्हे, उजेड आतून बरा येत होता म्हणून.

मिक्सरच्या, म्हणजे त्या डायोडच्या रिंगच्या, ट्रान्सफॉर्मरमध्ये दहाचे अकरा झाले तर फारसं बिघडत नाही, ३५ चे ४२ मायक्रोहेन्री होतात आणि काम चालून जातं. लाल कड्यांचं तसं नाही, ती सूर लावण्यासाठी आहेत. तिथे तीस वेढ्यांचा हिशेब होता : वर्ग नऊशे, गुणिले ४.९ नॅनोहेन्री, ४.४१ मायक्रोहेन्री. सोबत ११४ पिकोफॅरडचा कपॅसिटर धरला की सूर ७.१ मेगाहर्ट्झवर बसतो. एक वेढा जास्त झाला तर तोच सूर ६.८७ वर उतरतो. चाळीस मीटरचा जगभर सारखा असलेला भाग ७.० ते ७.२, म्हणजे एका वेढ्याची चूक अख्ख्या बँडपेक्षा मोठी. लाल कडी मी मुलगी झोपल्यावर गुंडाळली, आणि दर पाच वेढ्यांना कागदावर रेघ मारली. पंचावन्न सेंटिमीटरची तार दर वेळी पूर्ण भोकातून ओढण्यापेक्षा मधोमध धरून अर्धी एका बाजूने आणि अर्धी दुसऱ्या बाजूने गुंडाळत न्यावी, हे मला दुसऱ्या लाल कड्यावर सुचलं. पहिल्यावर तार तीनदा गाठाळली होती.

गुंडाळणं अवघड असेल असं वाटलं होतं. अवघड निघालं ते टोकं सोलणं. काही तारांचं इनॅमल सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब घेऊन त्यात तार बुडवली की जळून जातं. थोडा धूर होतो. हा धूर नाकात जाऊ देऊ नये, खिडकी उघडी ठेवावी. थेंब बाजूला झाला की तार कल्हई केल्यासारखी चकचकीत. माझ्या भेंडोळ्यातली तार या जातीची नव्हती. ३९० अंशांवर पाच सेकंद धरलं तरी नुसती काळवंडायची. शेवटी ब्लेडच्या पाठीने खरवडायची आणि पॉलिश पेपरची घडी करून त्यात धरून ओढायची, असं सहा टोकांना केलं. ब्लेडची धार वापरली की तारेला खाच पडते आणि तिथूनच ती मोडते. दोन टोकं मोडल्यावर पाठ वापरायला शिकलो.

कुरकुरताना आठवलं की पहिला ट्रान्सफॉर्मरही कडंच होतं. १८३१ च्या ऑगस्टमध्ये मायकेल फॅराडेने सहा इंची मऊ लोखंडाच्या कड्यावर दोन बाजूंना तार गुंडाळली, एका बाजूची बॅटरी जोडली-तोडली, आणि दुसऱ्या बाजूच्या तारेजवळची सुई हलली. इनॅमलची तार त्याच्याकडे नव्हती. वेढ्यावेढ्यांत सुतळी आणि थराथरांत कापड घालून त्याने ती वेगळी ठेवली. ते कडं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आहे. फोटोत त्याच्याभोवतीच्या कापडाच्या चिंध्या स्पष्ट दिसतात. इनॅमल निघत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाने तो फोटो पाहावा. मी पाहिला आणि पुढचं टोक खरवडायला घेतलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते.

तीनपदरी गुंडाळीतून दोन्हीकडून तीन-तीन टोकं निघतात. तिन्ही तारा एकाच रंगाच्या. कुठली सुरुवात कुठल्या शेवटाची, हे डोळ्यांनी कळत नाही. पत्रकातली रीत अशी : एक तार बाजूला ठेवा, तिचं प्रायमरी, म्हणजे सिग्नल आत येतो ती गुंडाळी. उरलेल्या दोन तारांपैकी पहिलीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडा. हा सांधा म्हणजे सेंटर टॅप. शेवट आणि सुरुवात. यात सगळं आलं.

मी हे वाचलं होतं. म्हणून तर सुरुवातीच्या तिन्ही टोकांवर मार्करने लाल ठिपके देऊन ठेवले होते. ठिपके दिले टोकांवर. आणि नंतर ती टोकं ब्लेडने खरवडली.

ठिपके गेले, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवला, एका टोकाला एक काडी लावली आणि बाकीच्यांना दुसरी लावत गेलो. बीप आली की जोडी जमली. तीन जोड्या जमल्या. दोन जोड्यांतली एकेक टोकं एकत्र पिळली, डाग दिला. पुन्हा मीटर लावला : सांध्यापासून या टोकापर्यंत बीप, त्या टोकापर्यंतही बीप, प्रायमरीशी बीप नाही. आणखी काय हवं? ट्रान्सफॉर्मर बोर्डात बसवला, पाय कापले. दुसराही तसाच केला. तो योगायोगाने बरोबर झाला होता, हे नंतर कळलं.

संध्याकाळी वीज दिली. हेडफोनमध्ये हिस्स. आवाज वाढवला, हिस्स वाढला. म्हणजे ऑडिओ अॅम्प्लिफायर जिवंत. अँटेना लावली. हिस्स तोच. काढली. तोच. चाळीस मीटरवर चांगला रिसीव्हर अँटेना लावताक्षणी भरून येतो, बँडचा स्वतःचा गोंगाट आत शिरतो. इथे अँटेनाची तार लावली काय आणि बुटाची नाडी लावली काय, सारखंच.

पुढचे तीन दिवस मी नको तिकडे शोधत होतो. डायोड एकेक तपासले, चारही ठीक, दिशाही ठीक. ऑसिलेटर चालतोय की नाही ते दुसऱ्या रेडिओवर ऐकून पाहिलं. शिट्टी जागेवर होती. डाग पुन्हा गरम केले. अॅम्प्लिफायरची आयसी उगाचच बदलली. ट्रान्सफॉर्मरवर संशयच नव्हता, कारण त्याची बीप मी स्वतः ऐकली होती. दर थोड्या वेळाने मीटर लावून ती पुन्हा ऐकायचो, आणि मनाची खात्री करून पुन्हा डायोडकडे वळायचो.

चौथ्या दिवशी काकांना फोन.

‘ट्रान्सफॉर्मरचे दोन्ही अर्धे मिळून इंडक्टन्स किती आहे?’ त्यांनी विचारलं.

‘मोजला नाही. पण कंटिन्युइटी आहे, बीप येतेय.’

‘बीप यायचीच रे. बीपला दिशा कुठे कळते?’

एलसी मीटर टेबलावरच होता. फुटलेल्या कड्याच्या वेळी त्याच मीटरने मला वाचवलं होतं आणि नंतर मी त्याला हातही लावला नव्हता. ऑसिलेटरच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर बोर्डावरून उचकटला. एक अर्धा मोजला : ३४ मायक्रोहेन्री. दुसरा अर्धा : ३४. आता टोकापासून टोकापर्यंत. दहा आणि दहा, वीस वेढे, वर्गाचा हिशेब, म्हणजे चौपट यायला हवा, १३६ च्या आसपास. मीटरने क्षणभर विचार केला आणि आकडा दाखवला : ०.२.

मी काड्या पुसल्या, पुन्हा लावल्या. ०.२.

शेवटाला शेवट जोडला गेला होता. विद्युतप्रवाह पहिल्या तारेतून दहा वेळा भोकातून खाली उतरत होता आणि दुसरीतून दहा वेळा वर येत होता. कड्याच्या दृष्टीने काही घडतच नव्हतं. दोन्ही टोकं एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. त्यांच्यात फरक शून्य, मग ऑसिलेटर कितीही जोरात चालो, डायोडना उघडझाप करायला काही मिळत नव्हतं. आणि तारा इतक्या घट्ट पिळलेल्या की एकमेकींना खोडून काढण्याचं कामसुद्धा चोख. माझी गुंडाळी उत्तम झाली होती, म्हणूनच आकडा इतका लहान.

नुसती टोकं अदलाबदल केली असती तर भागलं असतं, पण पाय कापलेले, पोहोचेनात. पुन्हा पंचवीस सेंटिमीटर, पुन्हा दाराची कडी. या खेपेला मार्कर नाही. सुरुवातीची तिन्ही टोकं लांब ठेवली, शेवटची तिन्ही आखूड. खरवडा, जाळा, काहीही करा, लांबी पुसली जात नाही. आखूडाला लांब जोडायचं, एवढंच लक्षात ठेवायचं. आणि डाग देण्याआधी मीटर : ३५, ३५, टोकापासून टोकापर्यंत १३९.

बोर्डात बसवला. हेडफोन, वीज, तोच ओळखीचा हिस्स. अँटेनाची तार टेकवली आणि आवाज एकदम जाड झाला, जणू बंद खोलीचं दार कुणी उघडलं. बटण फिरवलं. मोर्सची टिकटिक एका सुराने चढत आली, उतरून गेली. थोडं पुढे दोन माणसं बोलत होती, आधी बदकांसारखी, मग बटण केसभर मागे घेतल्यावर माणसांसारखी. एकाच्या अँटेनाची दोरी वाऱ्याने तुटली होती आणि दुसरा त्याला कुठली दोरी घ्यावी ते सांगत होता.

आवाज बारीक होता. लाल कड्यांचे वेढे जवळ सरकवले की इंडक्टन्स वाढतो, पसरवले की कमी होतो, हे वाचलेलं आठवलं. टूथपिक घेतली आणि त्या दोघांचं दोरीपुराण ऐकत पहिल्या लाल कड्याचा एकेक वेढा रेटू लागलो. तीन-चार वेढे पसरवल्यावर आवाज चढला, पाचवा पसरवला तर पुन्हा उतरला. तो परत जागेवर आणला. दुसऱ्या कड्यावर उलटं, तिथे जवळ आणावे लागले. माणसं आता टेबलाच्या पलीकडे बसल्यासारखी ऐकू येत होती. त्यांनी एकमेकांना ७३, म्हणजे हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा, म्हणून निरोप घेतला तेव्हा दुसऱ्या कड्याचे शेवटचे दोन वेढे हलवायचे राहिले होते, आणि ते कशावर ऐकत हलवायचे म्हणून मी बटण पुन्हा त्या मोर्सकडे वळवलं.